सातवा फर्मा

साकीनाक्याच्या एका गाळ्यात जानकी घाडी बावीस वर्षं पुस्तकं बांधते. त्यातलं एकही तिनं कधी विकत घेतलेलं नाही. घ्यायचं कशाला? बांधता बांधता वाचून होतं. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांची चोपडी होते, तिला म्हणायचं फर्मा. अकरा फर्मे एकावर एक चढले, पाठीला गरम गोंद लागला, वरून कव्हर बसलं की झालं पुस्तक. दोन हजार प्रती काढायच्या तर एकेक फर्मा दोन हजार वेळा हातातून जातो. दोन हजार वेळा डोळ्यांखालून गेलेलं पान माणूस वाचणार नाही तर काय करणार. जानकी सातवी शिकलेली. तिला वाचता येतं, आणि सांगता त्याहून जास्त.

हे सांगणं तिनं गावातून आणलं. गाव देवगड तालुक्यातलं. मे महिन्यात तिकडं रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसतात. दहा जणांचे हात कोपरापर्यंत लाल, आणि तोंडं मोकळी. मग कुणीतरी काणी लावतो. काणी म्हणजे गोष्ट. सांगणाऱ्याशेजारी जो बसेल त्यानं हुंकार द्यायचा. दर वाक्याला "हूं". हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, मग बाकीचे त्या डुलक्या घेणाऱ्याच्या पाठीत रातांब्याची बी मारतात. आणि अर्धी काणी टाकून उठायचं नाही. अर्धी टाकली तर सांगणाऱ्याच्या घशात माशाच्या काट्यासारखी राहते, असं आमच्याकडं मानतात. खरं-खोटं देव जाणे. पण जानकी लहानपणी याला घाबरायची.

गाळ्यात तिला हुंकार द्यायला सुंदराबाई होती. सुंदराबाई कणकवलीकडची, साठीला टेकलेली, अक्षरशत्रू. घडी मात्र अशी घालायची की पट्टी लावून मोजून घ्यावी. तिसरी रुचिरा. घाटकोपरच्या डोंगरावर राहणारी, तिशीची, नवऱ्याला सोडून आलेली, गाळ्यात जेमतेम महिना झालेला. आणि प्लायवूडच्या केबिनमध्ये मालक हर्षद शेट. केबिनला छत नव्हतं, त्यामुळं बायका त्याच्याविषयी जे बोलायच्या ते सगळं त्याला ऐकू जायचं. बायकांना ते ठाऊक होतं, म्हणून तर बोलायच्या.

दिवाळीनंतर लहान मुलांची एक कादंबरी आली. 'मिठागरातला घुमा.' जादूची. मिरी आणि राई नावाच्या दोन बहिणी मिठागराच्या काठाला राहतात. त्या मिठागरात घुमा नावाचा राक्षस आहे. तो माणसं खात नाही, हाका खातो. कुणी कुणाला हाक मारली आणि समोरच्यानं ओ दिली नाही, की ती हाक घुमा गिळतो, आणि हाक मारणारा जागच्या जागी मिठाचा होतो. मिठागरात असे शेकडो पुतळे उभे. लोक समजतात, मिठाचे ढीग आहेत.

जानकीनं पहिल्या फर्म्यापासून काणी लावली. हातानं घडी, तोंडानं मिरी-राई.

"घुमो दिसता कसो?" सुंदराबाईनं विचारलं.

"दिसणा नाय. नुसतो आवाज. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखो."

"आमच्या शेटसारखो."

केबिनमधून खोकला आला. रुचिरा तोंडावर ओढणी धरून हसली.

सहा फर्मे असे गेले. सातवा आला त्या दिवशी जानकीनं डबा खाताना तो एकटीनं वाचला. वाचला आणि गठ्ठ्यावर उलटा ठेवला. दुपारभर गप्प. सुंदराबाईनं दोनदा "हूं" म्हणून पाहिलं, गोष्टीविना हुंकार. दुसऱ्या दिवशी आठवा फर्मा घडीला आला तेव्हा जानकीनं काणी पुढं नेली: मिरी एकटी निघाली, घुम्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आणि राई खंय?" सुंदराबाई म्हणाली.

"राई मिठाची झाली."

"झाली? कशी?"

"ता मागाहून सांगतंय."

"अगो, मागाहून कसा? मधला गाळून?"

"मागाहून येता ता," जानकी म्हणाली. आणि पुढं सांगत राहिली. घुम्याची अट अशी, की त्यानं न ऐकलेली गोष्ट जो सांगेल त्याला तो गिळलेली एक हाक परत देईल. राजे येऊन गेले, शाहीर येऊन गेले. घुम्यानं सगळ्यांच्या गोष्टी आधीच ऐकलेल्या. मिरीकडं गोष्ट नव्हती. तिनं आपण काय केलं तेवढंच सांगितलं. असलं काही घुम्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं.

"पण तिने केलं काय?" रुचिरानं विचारलं.

"मागाहून," जानकी म्हणाली.

शेवटच्या फर्म्यात राई परत माणसात आली, फक्त करंगळी मिठाची राहिली. "बरा झाला," सुंदराबाई म्हणाली, "आमटीत बोट बुडवल्यान की काम झाला." अकरा फर्मे संपले. मागाहून येणारं आलं नाही. पाठोपाठ कव्हरं आली, त्या गडबडीत विचारायचंही राहून गेलं.

इथं जानकीचं घरचं सांगायला हवं. कांजूरमार्गला, झोपडी तोडून मिळालेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर एक खोली. खिडकीतून मिठागरं दिसतात. नवरा नंदू मुलुंडला एका टॉवरात वॉचमन. दोघांना एकच मुलगी, श्वेता. दोन वर्षांपूर्वी, गणपती गेल्यावर, ती डेंगीनं गेली. एकोणीस वर्षांची होती.

जानकी रडली नाही. गावाहून दीर-जावा आल्या, त्या रडल्या. शेजारणी रडल्या. जानकीनं त्यांना चहा केला. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी ती गाळ्यात हजर. एकदा गरम गोंदाचा थेंब मनगटावर पडला तर ती त्याच्याकडं बघत राहिली, सुंदराबाईनं हात ओढून नळाखाली धरला. फोड आला, फुटला, डाग राहिला. जेवायची, झोपायची, बस पकडायची. काणी सांगायची तीही तशीच, नळाला पाणी आल्यासारखी. ऐकणाऱ्याला रंगत वाटे. तिला काही वाटत असेल असं तिच्या तोंडावरून दिसत नसे.

कुणी विचारलंच तर ती एक वाक्य सांगायची. "मी कामाला निघाले तेव्हा झोपलेली होती." दोन वर्षं हेच वाक्य, शब्दही इकडचा तिकडं नाही. नंदूलाही हेच.

आता फर्मे मांडण्याचं. लांब टेबलावर अकरा ढीग ओळीनं लावायचे, बायकांनी टेबलाभोवती फेरा मारत एकेका ढिगातून एकेक उचलायचा. फेरा पुरा झाला की हातात पुस्तक. ढीग चुकला की सगळंच चुकलं, म्हणून मांडायचं काम जानकीचं. बावीस वर्षं तिचंच. फर्म्यावर खाली बारीक आकडा असतो, पण ती आकडा बघत नसे. गोष्ट कुठून कुठं जाते ते तिला ठाऊक असायचं. सोमवारी रुचिरानं फळीवरचे गठ्ठे उचलून आणले आणि जानकी बोट दाखवत गेली, हा इथं, हा तिथं. सहावा. मग मिरी घुम्यापुढं उभी राहते तो. मग उरलेला.

फेरे सुरू झाले. गुरुवारपर्यंत दोन हजार पुस्तकं बांधून, कापून तयार.

शुक्रवारी प्रकाशकाचा माणूस टेम्पो घेऊन आला. एक प्रत सहज उघडली, उभ्या उभ्या चाळली आणि पुन्हा मागं गेला. शहाण्णवाव्या पानावरून गोष्ट एकशे तेरावर उडी मारत होती. एकशे अठ्ठावीस झालं की सत्त्याण्णव. दुसरी प्रत काढली, तिसरी, तळातली. सगळीकडं तेच.

टेम्पो रिकामा गेला. हर्षद शेट केबिनच्या बाहेर आला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं, अशा स्वरात म्हणाला, "गठ्ठे कोणी मांडले?"

"मी आणले," रुचिरा म्हणाली. "पण शेट, मी फक्त उचलून आणले. मावशींनी बोट दाखवलं तिथे ठेवले."

"जानकीबाई बावीस वर्षं मांडतात. एक फर्मा उलटा गेला नाही कधी. तुला आकडे वाचता येतात ना? सातानंतर आठ येतो, शाळेत शिकवलं ना?"

"अहो, पण त्यांनीच..." रुचिरा वळली. "मावशी, बोला ना. तुम्ही दाखवलं ना मला?"

जानकी टेबलाच्या पलीकडं उभी होती. तिच्यासमोर एक प्रत उघडी पडलेली, एकशे अठ्ठावीस आणि सत्त्याण्णव शेजारीशेजारी. तिला समजलं होतं. पहिल्या फटक्यात समजलं होतं. रुचिराचं बोलणं ऐकू आलं होतं, "मावशी" ही हाकही. तिनं गोंदाच्या भांड्याकडं पाहिलं. भांड्यावर साय धरत होती.

"मावशी?"

जानकीनं काडीनं गोंदावरची साय बाजूला केली.

"उद्यापासून येऊ नको," शेट रुचिराला म्हणाला.

रुचिरानं डबा पिशवीत टाकला. दारात चपला घालताना म्हणाली, "वाटलं नव्हतं हं," आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी जानकी बसला उभी राहिली, घरी गेली, भाकऱ्या केल्या, नंदूला वाढलं. जेवली. झोपलीसुद्धा.

शनिवारी पुस्तकं फाडायला काढली. पाठ मशीनखाली धरून कापायची, फर्मे सुटे करायचे, नीट लावायचे, पुन्हा गोंद, पुन्हा कव्हर. कापण्यात पुस्तक बोटभर नाही पण करंगळीच्या नखाएवढं अरुंद होतं. दोन हजार प्रतींचं काम आणि माणसं दोन. सुंदराबाई समोर बसून कव्हरं सोडवत होती. तासभर काही बोलली नाही, आणि सुंदराबाई तासभर गप्प म्हणजे पाऊस येणार.

"काल मिठाची गुळणी धरून उभी रवलंस," ती शेवटी म्हणाली.

जानकी कापत राहिली.

"माका वाचाक येणा नाय, पण कान आसत. तू आमका जशी काणी सांगितलंस, तसाच ह्या पुस्तक झाला. राईचा मागाहून. त्या पोरीन काय मांडूक नाय. तुझ्याच हातान मांडलंस."

"होय," जानकी म्हणाली.

"होय? नुसता होय? अगो, ती नवऱ्याक सोडून इलेली. ह्या गाळ्याशिवाय तिका काय आसा?"

"ठावक आसा माका."

"मगे?"

जानकीनं पातं वर केलं. हातातल्या प्रतीतून सातवा फर्मा सुटून आला होता. तो तिनं टेबलावर ठेवला, हातानं सपाट केला, आणि कालपरवाच काणी थांबली होती अशा आवाजात सुरू केली.

"मिरी आणि राई मिठागरात वाट चुकली. घुमो जवळ इलो. मिरी मिठाच्या ढिगामागं लपली. राई बारकी, ती मागं रवली."

"हूं," सुंदराबाई म्हणाली. सवयीनं आलं तिच्या तोंडातून.

"राईन हाक मारल्यान. मिरीताई. मिरी हाताभरावर होती. तिका आयकाक इला. ओ दिली असती तर घुम्याक कळला असता, ती खंय आसा ता. भियाली. तोंडार हात धरून बसली."

"हूं."

"राईन परत हाक मारल्यान. तीनदा. मगे हाक मारूची थांबली."

सुंदराबाईनं हुंकार दिला, पण यावेळी लहान. पुढं काहीतरी वेगळं येतंय हे तिला कळलं असावं, कारण तिनं हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"श्वेता झोपलेली नव्हती," जानकी म्हणाली. "मी चपला घालत होतंय. आतून म्हणाली, आई. माका आयकाक इला. नव्या वर्षाच्या डायऱ्यांचो लॉट होतो, शेटन आठ वाजता बोलावल्यान. म्हटलंय, ओ दिलंय तर पाणी मागतली, डोक्यार हात ठेव म्हणतली, बस जातली. परत म्हणाली, आई. मी कडी लावलंय नाय, नुसता दार ओढलंय. आवाज होऊ नये म्हणून हळू ओढलंय."

तिचा आवाज जराही हलला नव्हता. भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसं.

"संध्याकाळी घराक गेलंय तर शेजारच्यांनी हॉस्पिटलात नेलेला. तेव्हा ती कोणाक ओळखी नाय. तीन दिवस."

सुंदराबाई तोंड उघडं टाकून बसली होती. हुंकार आला नाही. जानकी थांबली. हुंकार नाही तर थांबायचं, ही लहानपणीची खोड. पंखा फिरत होता. सुट्या फर्म्यांचे कोपरे फडफडत होते.

"हूं," प्लायवूडच्या पलीकडून आलं.

हर्षद शेट केबिनच्या दारात होता, चष्मा कपाळावर. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. हुंकार म्हणून दिला की नुसताच घसा साफ केला, तेही त्यालाच माहीत.

"शेट," जानकी उठून उभी राहिली. "ढीग मी मांडले. रुचिराचा काही संबंध नाही. काल बोलायला हवं होतं, बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"भ्याले."

"मला?"

जानकीनं विचार केला. "तुम्हाला नाही," ती म्हणाली.

शेटनं चष्मा खाली घेतला, टेबलावरच्या दोन हजार प्रतींकडं पाहिलं. "डायऱ्यांचा लॉट," तो म्हणाला. "तो संध्याकाळी सहाला गेला शेवटी. टेम्पो उशिरा आला होता." एवढं म्हणून तो आत गेला आणि फोन लावल्याचा आवाज आला. छत नसल्यानं तो दोघींना ऐकू आला. "रुचिरा, सोमवारी ये. हो. नाही, तू नव्हतीस. सोमवारी ये म्हटलं ना."

थोड्या वेळानं आतूनच म्हणाला, "जानकीबाई, यापुढे मांडायचं काम तुमच्याकडे नाही."

"बरं," जानकी म्हणाली आणि पुढची प्रत पात्याखाली धरली.

सुंदराबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि कव्हर सोडवता सोडवता म्हणाली, "माका तेव्हा सांगूक होया होता." मन मोकळं केलं की हलकं वाटतं असं लोक सांगतात. तिला तसं काही वाटलं नाही. दुपारी भूक लागली तेवढी.

सोमवारी रुचिरा आली. चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली, जानकीसमोर येऊन उभी राहिली.

"शुक्रवारीच बोलला असतात तर माझा शनिवार वाचला असता. शुक्रवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"होय."

"आईला सांगितलं मी, काम गेलं म्हणून. तिने किती ऐकवलं माहितीये?"

"होय."

"होय काय, मावशी." रुचिरा वैतागली. मग पिशवीतून डबा काढून फळीवर ठेवला. "सुंदरमावशीने फोन करून सांगितलं मला. तुमच्या मुलीचं." डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी अजून रागावलेली आहे हं."

"रव रागावलेली," जानकी म्हणाली. "गठ्ठे आण. तू मांड, मी फेरा मारतंय."

रुचिरानं ढीग मांडले, प्रत्येकावरचा आकडा मोठ्यानं वाचत. सहा. सात. आठ. सातव्याजवळ आली की जानकी एकेक उचलत होती, बाकीच्यांसारखाच. वजनही बाकीच्यांइतकंच. चार दिवसांत दोन हजार प्रती पुन्हा बांधून झाल्या, करंगळीच्या नखाएवढ्या अरुंद. दुकानात कुणी ते पुस्तक हातात घेतलं तर त्याला कळायचं नाही, पानाच्या आतल्या बाजूचा समास जरा कमी वाटेल इतकंच.

नंदूला सांगायचं राहिलं होतं. शनिवारी सांगेन म्हणाली होती मनाशी, रविवारी पाहुणे आले, सोमवारी तो थकून आला, मंगळवार असाच गेला. बुधवारी त्याची सुट्टी. ती गाळ्यातून आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं आणि नंदू जमिनीवर बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होता, वर्तमानपत्र पसरून. समोर मिठागरावर पाणी चकाकत होतं.

ती चपला काढून त्याच्यासमोर बसली. एक बोंबील उचलला, डोकं मोडलं, शेपूट मोडलं.

"एक काणी सांगायची आहे," ती म्हणाली.

"आता?" नंदू म्हणाला. "गॅस पेटव आधी."

"आधी काणी."

तिनं मिरी-राईपासून सुरू केलं नाही. दारापासून केलं. चपला, हाक, हळू ओढलेलं दार. नंदू बोंबील मोडत होता. "परत म्हणाली, आई," इथपर्यंत आली तेव्हा त्याचे हात थांबले. तो वर बघत नव्हता. कागदावर मोडलेल्या डोक्यांचा ढीग होता, त्यात काहीतरी शोधत असल्यासारखा बघत होता. जानकी थांबली. थांबलीच. इतका वेळ की खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरायला लावली ती भरून वाहायला लागली.

"हूं," नंदू म्हणाला.

मग तिनं पुढचं सांगितलं.